बांधावरचं गवत एका संध्याकाळी बंद झालं: पेडण्यातल्या पन्नास हंसांचं प्रकरण

नावं, गाव आणि ओळख पटेल असे बारकावे काढून टाकले आहेत. आकडे मालकाच्या वहीतले आणि माझ्या, म्हणजे उपचार करणाऱ्या पशुवैद्याच्या, टिपणांतले आहेत.

पार्श्वभूमी

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या अंगाला एक घर आहे. खाली खाजन, म्हणजे भरतीचं पाणी बांधाने अडवून राखलेली सखल शेतजमीन, वर भाट, म्हणजे माडांची बाग, आणि दोन्हींच्या मधे बांध. मालक पंचेचाळिशीचे. आधी मुंबईत नोकरी होती, वडील गेल्यावर गावी परतले. त्यांनी पांढरे चिनी हंस पाळायचं ठरवलं. गावात कुणी त्यांना राजहंस म्हणतं, कुणी नुसतंच ‘मोठी बदकं’. खरं तर चोचीच्या मुळाशी गाठ असलेली ही जात पूर्व आशियातल्या रानटी हंसापासून माणसाळवलेली आहे. युरोपातल्या पाळीव हंसांचं मूळ वेगळं, तिथला करडा हंस. मालकांना या वंशावळीत रस नव्हता. कोंबड्यांपेक्षा खाद्य कमी लागतं, राखण फुकटात होते आणि नाताळाला गिऱ्हाईक मिळतं, इतकं त्यांना पुरेसं होतं.

जूनअखेरीस परराज्यातल्या एका हॅचरीतून दहा दिवसांची ७० पिल्लं आणली. पहिल्या पंधरवड्यात ६ गेली, ६४ राहिली. आषाढ-श्रावणात त्यांचं बरं चाललं होतं. बांधावर हरळी, भाटात पॅरा गवत, पाणथळीत कोवळा लव्हाळा. पक्षी दिवसभर चरायचे आणि संध्याकाळी मूठभर कोंडा-कण्या खाऊन झोपायचे. ऑक्टोबरात भात कापून झाल्यावर मळ्यात सांडलेलं धान्य टिपलं. नाताळाला १४ विकले. जानेवारीत हातात ५० पक्षी होते, सरासरी चार किलोचे, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत माद्या अंड्यावर येतील अशी आशा.

हंसाच्या पोटाची रचना इथेच सांगायला हवी, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्याच्या चोचीच्या कडांना करवतीसारखे दाते असतात. तो गवत कापतो, चावत नाही. चावायचं काम पोटा करतो. मटणवाला पोटा-कलेजी म्हणून विकतो तोच अवयव. हंसाचा पोटा कोंबडीच्या जवळपास दुप्पट दाबाने दळतो आणि त्याला आत खडे लागतात. पण आतडं फार लांब नाही, खाल्लेलं दोन-तीन तासांत बाहेर पडायला लागतं. म्हणून चरणारा हंस सारखा खातो आणि सारखा हगतो. गाईच्या कोठीपोटासारखी भट्टी त्याच्याकडे नाही. आहे ती छोटी: लहान आतडं संपतं तिथे फुटणाऱ्या, प्रत्येकी साधारण वीतभर लांबीच्या दोन आंधळ्या नळ्या, म्हणजे सीकम. दळलेल्या गवताचा बारीक, पातळ अंश तिथे शिरतो, जिवाणू त्याला आंबवतात आणि ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी आम्लं तयार होतात. त्यातून पक्ष्याला थोडी ऊर्जा मिळते. मोठा फायदा मात्र वेगळाच आहे. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराचं रोजचं खाणं.

अडचण

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पलीकडच्या शेतकऱ्याने कालव्याच्या पाण्यावर वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या हंगामाचं, भात लावलं. रोपं वीतभर झाली नव्हती तोच एका दुपारी पन्नास हंस त्यात घुसले. भांडण झालं, आणि ते रास्तच होतं. त्याच संध्याकाळी मालकांनी सगळे पक्षी भाटातल्या बंदिस्त खुराड्यात घातले. बांधावरचं गवत एरवीही पिवळं पडत होतं. घरी फिनिशरची, म्हणजे ब्रॉयलर कोंबड्यांना शेवटच्या टप्प्यात देतात त्या खाद्याची, पोती होती, शेजारच्या गावातल्या भावाच्या शेडमधून आलेली. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तेच सुरू झालं. पाणी भाटाच्या टोकाला असलेल्या पोयीतलं, म्हणजे लहान तळ्यातलं.

पहिले पाच-सहा दिवस सगळे खूश. पक्षी भराभर खायचे, वजन चढल्यासारखं दिसायचं. सातव्या-आठव्या दिवशी शीट पातळ झाली. आधी हिरवट पाणी, मग मोहरीच्या रंगाचा फेस. शेपटीखालची पिसं चिकटली, खुराड्यात आंबूस वास सुटला. मालकांनी गावातल्या दुकानातून पाण्यात घालायचं अँटिबायोटिक आणून दोन दिवस सगळ्यांना दिलं. फरक पडला नाही. नवव्या दिवशी दोन मेले, दहाव्या दिवशी आणखी दोन. मग मला फोन आला.

“दोतोर, पोट सुटलंय सगळ्यांचं. बर्ड फ्लू तर नव्हे ना?”

मी गेलो तेव्हा ४६ पैकी १७ पक्ष्यांची शीट पातळ होती. खाणं थोडं मंदावलेलं, पण मान वाकडी झालेली नाही, डोळे स्वच्छ. डोक्याला सूज नाही, श्वासाला घरघर नाही, अडखळत चालणं नाही. तरी फ्लूची शंका तोंडातून निघाली की ती मनात ठेवून चालत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवलं, त्यांनी येऊन पाहिलं, तसं काही आढळलं नाही. तोवर पक्षी किंवा अंडं बाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि मेलेला पक्षी चुना घालून खोल पुरायचा, एवढं ठरलं.

काय काय असू शकलं असतं

सकाळीच मेलेला एक पक्षी मी उघडला. अन्नपिशवी अर्धी भरलेली, त्यात फक्त खाद्याचा भुगा. पोटा लहान आणि सैल. दळायला काही मिळालं नाही की पोट्याचे स्नायू सुस्तावतात. आत एकही खडा नाही. काळीज (यकृत) पिवळसर आणि तुपकट. लहान आतड्याचं अस्तर पातळ, मधे मधे लाल चट्टे. दोन्ही सीकम फुगलेली, आत फेसाळ पाणी. निरोगी हंसाच्या सीकममध्ये गडद तपकिरी, चिकण्या मातीसारखा लगदा असतो. इथे त्याचा पत्ता नव्हता.

मूत्रपिंडावर पांढऱ्या गाठी नव्हत्या, म्हणजे हंसांना होणारा मूत्रपिंडाचा कोक्सिडिया, एक सूक्ष्म परजीवी, बाजूला पडला. सूक्ष्मदर्शकाखाली शीटेतही त्याची अंडी (ऊसिस्ट) दिसली नाहीत. हंसांना पटकन मारणारा फाउल कॉलरा असता तर मरण याहून धडाधड आलं असतं आणि हृदयावर रक्ताचे ठिपके दिसले असते. बुरशीचं विष माझ्या यादीत वर होतं. आपल्या दमट हवेत पोतं आठवडाभर उघडं राहिलं तरी मका बुरसतो, आणि पाणपक्षी अफ्लाटॉक्सिनला फार हळवे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेले तेव्हाच हे विष जगाला कळलं, आणि बदकाची पिल्लं तर टर्कीहूनही नाजूक निघाली. पण पोतं कोरडं होतं, आणि त्याच खाद्यावर भावाच्या कोंबड्या ठीक होत्या. कोंबड्या हे विष बदकांपेक्षा जास्त सोसतात, म्हणून हा पुरावा अर्धाच. संशय पूर्ण फिटला नाही.

उरलं पोयीचं पाणी. पावसाळ्यात ते गोडं असतं. मकरसंक्रांतीनंतर मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, झिरपणाऱ्या भरतीमुळे खाजनाच्या काठचं पाणी मचूळ होत जातं. मी जिभेला लावून पाहिलं, थोडं खारट लागलं. पहिल्या दिवशी माझा कल पाण्याकडेच होता.

तो कल मोडला मालकांच्या आईंनी. अंगणात भात पाखडत त्या म्हणाल्या, “पलीकडच्या बायचे चार हंस याच पोयीत असतात की दिवसभर. त्यांना कुठे काय झालंय?”

मी जाऊन पाहिलं. चारही त्याच हॅचरीचे, त्याच खेपेतले. मालकांनीच नाताळाला विकलेल्या चौदांतले. पाणी तेच, हवा तीच. फरक एकच. ते चार दिवसभर पोयीच्या ओल्या काठावरची हरळी खुडत होते आणि खाद्य म्हणून त्यांना घरची उरलेली पेज मिळत होती. त्यांची शीट घट्ट, हिरवी, टोकाला पांढरी, आणि काठावर मधूनच तो तपकिरी, चिकट, उग्र वासाचा गोळा. सीकम आपलं काम करून रिकामं होतं तेव्हा तो पडतो. मालकांच्या खुराड्यात तासभर शोधूनही मला असा एक गोळा सापडला नव्हता.

आत काय बिघडलं असणार

सुक्या वजनावर मोजलं तर कोवळ्या गवतात पाव हिस्सा तंतू असतो. ब्रॉयलर फिनिशरमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास. उलट ऊर्जा आणि प्रथिनं भरपूर, साधारण १९-२० टक्के प्रथिनं. चार आठवड्यांपुढच्या हंसाला १५ टक्के पुरतात.

सहा महिने गवतावर राहिलेल्या पक्ष्याच्या सीकममध्ये तंतू फोडणाऱ्या जिवाणूंची वस्ती बसलेली असते: बॅक्टेरॉइड्सच्या कुळातले, रुमिनोकोकससारखे, ब्युटिरेट बनवणारे. एका रात्रीत त्यांचं ताट ओढून घेतलं. बदल्यात वरून आलं स्टार्च आणि प्रथिन, तेही लहान आतड्याला झेपेल त्याहून जास्त. न पचलेलं सरळ खाली उतरलं. त्यावर फावतं ते ई. कोलाय आणि क्लॉस्ट्रिडियमसारख्यांचं. पहिले भराभर वाढतात, दुसरे प्रथिन कुजवून अमोनिया करतात. ब्युटिरेट घटलं की अस्तराची उपासमार होते, पेशींमधले सांधे सैल पडतात. ई. कोलायच्या कवचातलं लिपोपॉलिसॅकराइड नावाचं विष त्या फटींतून रक्तात झिरपतं आणि काळजावर भार पडतो.

इथे एक गंमत आहे. बॅक्टेरॉइड्सही ई. कोलायसारखेच ग्राम-निगेटिव्ह, म्हणजे रंगवल्यावर गुलाबी दिसणारे, त्यांच्याही कवचात हे विष असतं, पण फार सौम्य जातीचं. त्यामुळे रंगवलेल्या काचपट्टीवर गुलाबी जिवाणू दिसले की वाईट, असा सोपा हिशेब चालत नाही. मी शीटेची काचपट्टी रंगवली होती आणि क्षणभर याच सापळ्यात पडलो होतो.

जगातले बहुतेक पाळीव हंस चीनमध्ये आहेत, आणि या विषयावरचा अभ्यासही मुख्यतः तिथलाच. राय गवताच्या कुरणावर चरणारे आणि शेडमध्ये तयार खाद्य खाणारे हंस शेजारी शेजारी ठेवून तिथे तुलना झाली आहे. चरणाऱ्यांच्या सीकममध्ये बॅक्टेरॉइड्सचा गट वाढलेला, आतड्यातलं अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम जास्त, आणि रक्तात लिपोपॉलिसॅकराइड कमी. हे एन्झाइम त्या विषाचा फॉस्फेट काढून घेतं, म्हणजे नांगीच मोडतं. थोडक्यात, गवताने पोट भरतं त्याहून जास्त आतड्याची राखण होते. ‘हंसाला तंतू नीट पचत नाही, मग गवत कशाला?’ असं खाद्य विकणारे विचारतात. पचनाचा आकडा तसा खोटा नाही, पण गवताचं काम त्या आकड्यात मावत नाही.

समोरचे पर्याय

पहिला, मालकांना हवा असलेला: आणखी कडक औषध, पाण्यातून, सगळ्यांना. त्यांना कोलिस्टिनची पुडी कुणीतरी सुचवली होती. खाण्याच्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरायला भारतात २०१९ पासून बंदी आहे, तो विषय तिथेच संपला. पण दुसरं औषधही सगळ्यांना देण्यात मला अडचण दिसत होती. सीकममधली चांगली वस्ती आधीच मोडली होती. सरसकट औषध म्हणजे उरलेसुरले घरवासीही हाकलणं.

दुसरा: औषध अजिबात नाही, फक्त आहार बदलायचा. ऐकायला शहाणपणाचं. पण १७ पैकी ९ पक्षी खरोखर आजारी होते, मान खाली घालून बसलेले. त्यांना गवताच्या भरवशावर सोडायचं धाडस मला झालं नाही.

तिसरा पर्याय मला मोहात पाडणारा होता. शेजारणीच्या चार हंसांची ताजी तपकिरी शीट पाण्यात कालवून या पक्ष्यांना पाजायची, म्हणजे निरोगी वस्तीचं विरजण लावायचं. तत्त्व बरोबर आहे, अंड्यातून नुकत्या निघालेल्या कोंबडीच्या पिल्लांत अशा प्रकारे साल्मोनेला रोखता येतो हे जुनं ज्ञान आहे. पण विरजणात नक्की काय काय आहे ते तपासायची सोय माझ्याकडे नव्हती. धडधाकट पक्षीही साल्मोनेला वाहतो. सोडून दिला. आजही तो निर्णय बरोबर वाटतो, जरी त्या रात्री झोप नीट लागली नाही.

चौथा: दुकानातली प्रोबायोटिक पावडर. वहिनींनी, म्हणजे मालकांच्या पत्नीने, तोवर ताकात भिजवलेला भात द्यायला सुरुवात केलीच होती. मी दोन्हींना हरकत घेतली नाही, फार आशाही ठेवली नाही. खायला तंतू नसताना बाहेरून जिवाणू आणून सोडणं म्हणजे चूल विझलेल्या घरी पाहुणे पाठवणं.

काय केलं

९ आजारी पक्षी वेगळे काढले, त्यांनाच औषध दिलं, पाच दिवस. औषध प्रयोगशाळेच्या अहवालाप्रमाणे निवडायचं असं ठरलं होतं. अहवाल तिसऱ्या दिवशी आला, त्यात ई. कोलायची दाट वाढ होती आणि मालकांनी दुकानातून आणलेल्या औषधाला ते दाद देत नव्हतं. पण नमुना दोन दिवस औषध दिल्यानंतरचा होता, म्हणजे औषध सोसणारेच त्यात वर आलेले असणार. असा अहवाल हातात धरून किती ठाम बोलायचं, हा प्रश्न होताच.

बाकी ३७ पक्ष्यांचं खाद्य बारा दिवसांच्या पायऱ्यांनी बदललं. फिनिशर एकदम तोडलं नाही. गवत एकदम काढून घेतल्याने जे झालं, ते उलट्या दिशेनेही होऊ शकतं. तंतू फोडणारे जिवाणू पुन्हा बसायला दीड-दोन आठवडे घेतात. पहिले तीन दिवस फिनिशर पाऊण भाग केलं, मग अर्धं, मग पाव, मग शून्य. जागी आलं भरडलेलं भात, कोंडा, थोडी सोयापेंड आणि खनिज मिश्रण. गवत पहिल्या दिवशी पक्ष्यामागे शंभर ग्रॅम, रोज थोडं वाढवत बाराव्या दिवशी सातशे. नदीतले जाड वाळूचे खडे एका घमेल्यात. पिण्याचं पाणी विहिरीचं, पोय बंद.

गवत आणायचं कुठून, हा खरा पेच. जानेवारीअखेरीस गोव्यात बांध करडे पडतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि मग जांभ्याची जमीन ते पाणी धरून ठेवत नाही. मालकांनी मातीशिवाय नुसत्या पाण्यावर उगवायच्या (हायड्रोपोनिक) मक्याचं नाव काढलं. गोव्यातल्या दूधवाल्यांत तो ठाऊक आहे. जुन्या गोव्यातल्या एला इथल्या कृषी संशोधन संस्थेने त्यावर बरंच काम केलं आहे. किलोभर बियाण्यापासून आठवड्यात पाच-सहा किलो हिरवा चारा उभा राहतो. पण ते वाढलेलं वजन पाण्याचं, तंतू कमी, आणि मुळांच्या गादीत बुरशी धरली तर बुरशीचा जुना संशय पुन्हा दारात. मी नको म्हटलं. शेवटी पलीकडे कालव्याच्या गळतीपाशी पॅरा गवत होतं, आणि ज्याच्या शेतात हंस घुसले होते तोच गृहस्थ त्या जागेचा मालक. मालकांच्या आई दोन नारळ आणि अंड्यांचं वचन घेऊन त्याच्याकडे गेल्या. गवत मिळालं.

मधेच घोळ

पाचव्या दिवशी १७ पैकी ११ पक्ष्यांची शीट सुधारली होती. या काळात आजारी नऊंपैकी दोन गेले, पण ते आधीपासून फार खचलेले होते. सहाव्या दिवशी मी पोचलो नाही, फोनवर ‘गवत वाढवा’ इतकंच सांगितलं. घरातल्या गड्याला हुरूप आला. त्याने शेजारच्या गोठ्यातून नेपियरचा भारा आणला, अडीच महिन्यांचा, उसासारखा टणक, विळ्याने वीत-दीड वीत लांब कापला आणि खुराड्यात टाकला. भुकेल्या पक्ष्यांनी ओढून ओढून गिळला.

दुसऱ्या दिवशी दोन पक्षी मान ताणून उभे. हात लावला तर अन्नपिशवीत दोरखंडासारखा गुंता. एकाची पिशवी पाणी आणि थोडं तेल घालून, चोळून मोकळी झाली. दुसऱ्याची चिरून काढली, पण तो वाचला नाही.

ही चूक गड्याची नव्हे, माझी. मी चिठ्ठीवर ‘गवत’ असं लिहिलं होतं. आपल्या तोंडात गवत हा एकच शब्द, आणि त्यात दोन बोटांची लुसलुशीत हरळीही बसते आणि अडीच महिन्यांचा नेपियरही. हंसाच्या पोटात या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कोवळ्या पात्यात प्रथिन भरपूर, पेशीची भिंत पातळ, पोटा तिला दळतो, सीकमपर्यंत काहीतरी पोचतं. जून कांड्यात लाकूडपणा वाढलेला असतो, तो जिवाणूंनाही फुटत नाही. तो तंतू असूनही वस्तीच्या उपयोगाचा नाही. चिठ्ठी पुन्हा लिहिली: हरळी किंवा पॅरा, कोवळं, दोन बोटं लांब कापलेलं, नेपियर द्यायचाच तर महिन्याच्या आतला, नुसती पानं, कांडं काढून. गड्याने त्यावर स्वतःच एक ओळ वाढवली: ‘बोटं माझी, दोतोरांची नव्हे.’ माझी बोटं लांब आहेत.

निकाल

अकराव्या दिवशी सकाळी वहिनींनी फोटो पाठवला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. तुसावर पडलेला एक तपकिरी, चिकट गोळा. असा फोटो पाहून आनंद होणारी माणसं जगात थोडी असतील.

चौदाव्या दिवशी शीट सगळ्यांचीच घट्ट होती. ५० पैकी ४३ पक्षी राहिले: ४ मी येण्याआधी गेले, २ उपचार चालू असताना, १ नेपियरने. माद्या मार्चच्या मध्याला अंड्यावर आल्या, अपेक्षेपेक्षा उशिरा आणि कमी. औषध दिलेल्या पक्ष्यांची अंडी ठरलेल्या मुदतीपर्यंत खाण्यात घेतली नाहीत. शेजाऱ्याला वचनातली अंडी एप्रिलमध्ये पोचली.

पैशाचा हिशेब मालकांनी नेटका ठेवला नाही. एक मात्र त्यांनीच बोलून दाखवलं: फिनिशरचा खर्च बंद झाल्यावर महिन्याचं खाद्याचं बिल निम्म्याच्या खाली आलं, आणि गवत कापायला मात्र रोज दोन तास माणूस लागला. गोव्यात दोन तास माणूस मिळणं ही स्वस्त गोष्ट नाही.

पुन्हा करायचं तर

पहिला निर्णायक क्षण माझ्या येण्याच्या दहा दिवस आधीचा आहे: भांडणाची संध्याकाळ. पक्षी कोंडणं टाळता येत नव्हतं. पण कोंडलेल्या पक्ष्यांसमोर पहिल्या आठवड्यात दोन भारे हिरवं टाकलं असतं तर बाकीचं बहुधा घडलंच नसतं. म्हणून आता मी हंस पाळणाऱ्याला नोव्हेंबरातच विचारतो, फेब्रुवारीचं गवत कुठे उभं आहे?

दुसरा क्षण दुकानातल्या पुडीचा. नमुना औषधाआधी घेतला असता तर अहवालाला वजन आलं असतं. मालकांना दोष देण्यात अर्थ नाही. आजारी पक्षी समोर असताना कुणीही काहीतरी करतंच, आणि दुकान दवाखान्यापेक्षा जवळ होतं.

तिसरी गोष्ट माझ्या पद्धतीची. खाद्य, पाणी आणि खडे आम्ही एकाच दिवशी बदलले. पक्षी मरत असताना एकेक गोष्ट बदलून वाट पाहणं परवडत नाही, हे खरं. पण मग ‘गवतानेच बरे केले’ असं छातीठोकपणे म्हणायचा हक्क मी त्याच दिवशी गमावला. शेजारणीचे चार हंस हा माझा सर्वांत भक्कम पुरावा आणि तो मी मिळवला नव्हता. आईंच्या एका वाक्याने तो हातात पडला. आज करायचं असतं तर ३७ पैकी दहांना पोयीचंच पाणी चालू ठेवलं असतं आणि गवत सगळ्यांना दिलं असतं. दहा दिवसांत पाण्याचा निकाल लागला असता.

चौथी: एकच शव उघडलं. चार मेले होते, तीन माझ्या येण्याआधी पुरले गेले. एका पक्ष्याच्या पोटावरून पन्नासांचं निदान करणं मला अजून खुपतं. आणि वजनाचा काटा पहिल्याच दिवशी न्यायला हवा होता. ‘वजन चढल्यासारखं’ हे मालकांचे शब्द मला तसेच वहीत उतरवावे लागले.

कोंबडीचं खाद्य हंसाला घालण्याबद्दल एक वेगळी सूचना. त्यात बऱ्याचदा कोक्सिडियाविरोधी औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला चालतं ते दुसऱ्या पक्ष्याला चालेलच असं नाही. असंच एक औषध, सॅलिनोमायसिन, टर्कीला आणि घोड्याला घातक आहे. या प्रकरणातल्या पोत्यावरची चिठ्ठी मी वाचली होती, पण चौथ्या दिवशी. पहिल्या तासाला वाचायला हवी होती.

पुढच्या पावसाळ्यात मालकांनी भाटात माडांखाली आठशे चौरस मीटरचे चार तुकडे पाडले. दोनांत हरळी, दोनांत पॅरा, घरामागच्या विहिरीचं पाणी आळीपाळीने. एक तुकडा चरून झाला की तीन आठवडे त्यावर पक्षी सोडायचे नाहीत. पात कोवळी परत येते आणि जंताची साखळीही तुटते. डिसेंबरपासून धान्याचा वाटा आठवड्या-आठवड्याने वाढतो, पण हिरवं शून्यावर कधी येत नाही.

यंदा जानेवारीत मी सहज गेलो होतो. वायंगण लागलं होतं, मधे कुंपण घातलं होतं. गडी अंगणात बसून गवत कापत होता, डाव्या हाताची दोन बोटं मापाला धरून. मला पाहून त्याने बोटं वर केली.